सुट्टीआधीची तारीख

आपल्या नणंदेला कोर्टात बोलवायचं नाही, असं आईने तीनदा बजावलं होतं. तरीही सकाळी साडेनऊपासून आई स्वतःच बाकावर आपली पर्स शेजारी ठेवून एक जागा धरून बसली होती. कुणी बसू का म्हणून विचारलं, की "येतंय कुणीतरी" एवढंच म्हणायची. सात वर्षांचा अबोला मोडायचा तर सुरुवात कुठून तरी करावी लागते, आणि आईने ती पर्सपासून केली होती.

तिसऱ्या मजल्यावरचा तो लांबलचक व्हरांडा एव्हाना सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. कुठल्या पंख्याखाली नुसता आवाज येतो आणि वारा येत नाही, हे धाकट्या सुनेला झोपेतही सांगता आलं असतं. दाराला चिकटवलेल्या यादीत त्यांचा नंबर एकतिसावा होता. उद्यापासून कोर्टाला महिन्याभराची सुट्टी लागणार होती. म्हणजे धाकटीचा नवरा आज सुटला तर सुटला, नाही तर आणखी महिनाभर आत.

बारा दिवस झाले होते. सात मजली इमारतीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबायच्या ऐवजी घसरत खाली गेली, तळाला आदळली आणि आतल्या म्हाताऱ्या घड्याळजींचा पाय दोन ठिकाणी मोडला. देखभालीचं काम या घराच्या वर्कशॉपकडे होतं. अपघाताच्या चारच दिवस आधी लिफ्ट तपासल्याची कार्डावर सही होती धाकट्याची. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस त्याला घेऊन गेले. एवढ्यावर कदाचित पहिल्याच तारखेला जामीन झाला असता. पण तज्ज्ञ तपासायला गेले, तेव्हा त्या लिफ्टच्या ब्रेकला कोरे करकरीत लायनर, म्हणजे घासून ब्रेक लावणारे पट्टे, बसवलेले निघाले. अपघातानंतर आणि अटकेच्या आधी कुणीतरी जुने काढून नवे घातले होते. सरकारी वकिलांचं म्हणणं सरळ होतं: ज्याने एवढ्याशा वेळात पुरावा गायब केला, तो बाहेर आल्यावर काय शिल्लक ठेवील? धाकट्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मला काही सांगायचं नाही." बारा दिवस त्याचं तेच पालुपद चालू होतं.

आत्या, म्हणजे आईची ती नणंद, जिन्याने आली. लिफ्टवाल्यांच्या घरात जन्मूनही ती कधी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसे. "माझ्या भावाने लहानपणी जोडलेली तिपाई मी पाहिली आहे," असं तिचं त्यावर उत्तर असे. एकतीस वर्षं ती याच इमारतीत लघुलेखिका होती. न्यायाधीशांच्या पायाशी बसून साऱ्या दुनियेचं खरंखोटं तिने लिहून घेतलं होतं, आणि सात वर्षांपूर्वी वर्कशॉपच्या वाटणीत साक्ष द्यायची वेळ आली, तेव्हा भावाच्या, म्हणजे या मुलांच्या आबांच्या, विरुद्ध बोलली होती. खरं बोलली होती, म्हणून तर ते जास्त लागलं.

आईने मान वर न करता पर्स मांडीवर घेतली. आत्या त्या जागेवर बसली.

"गुडघे कसे आहेत, वहिनी?"

"आहेत."

"बरं."

एवढं बोलणं पुरलं. धाकटीला हायसं वाटलं, कारण आत्याला फोन तिने केला होता, कुणालाही न विचारता. तिने लगेच फाइल पुढे केली.

"वकीलबाई काय मांडणार आहेत?" आत्याने चष्मा चढवत विचारलं.

"की ह्यांनी काम नीट केलं होतं. ह्यांची चूक नाही."

"ते खटल्यात. आज कुणी विचारणार नाही."

"मग आज काय विचारतात?"

"हे बघ पोरी. आज त्याने गुन्हा केला की नाही, हे ठरत नाही. तो भला की बुरा, हेही नाही. आज एवढंच बघतात, की सोडला तर तारखेला हजर होईल का. पळून जाईल का. साक्षीदारांना दम देईल का. आणि पुराव्याला हात लावील का. माणूस आत ठेवतात तो खटला नीट चालावा म्हणून. शिक्षा नंतरची गोष्ट आहे." आत्या पानं उलटत होती. "पासपोर्ट?"

"वकीलबाईंकडे दिलाय. ह्यांना ते परदेशातल्या नोकरीचं नेमणूकपत्र आलं होतं ना, तेही मी नको म्हणून कळवून टाकलं."

"त्याला विचारून?"

"तुरुंगात भेटीला गेले तेव्हा जाळीतून विचारलं. कळव म्हणाले."

आत्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुन्हा फाइलमध्ये मान घातली. पंचनाम्याला जोडलेले फोटो आले तशी ती थांबली. ब्रेकचा अगदी जवळून घेतलेला फोटो होता. नवा लायनर, दोन नट, आणि प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत ओढलेली एक लाल रेघ. नट आवळून झाला की अशी रेघ ओढतात. पुढे नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते आणि कळतं. रेघा पुष्कळ कारागीर ओढतात. पण या घरात धाकटा पांढऱ्या पेनने ओढायचा आणि त्याचा थोरला भाऊ, बापाच्या सवयीने, लाल.

आत्याने मान वर करून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या थोरल्याच्या खिशाकडे पाहिलं. तिथे वीस वर्षं असायचं तेच पेन होतं, आणि खिशाच्या तळाशी तो लाल डाग, ज्यावरून आईने त्याला आयुष्यभर बोलून घेतलं होतं.

"थोरल्या," ती फाइल मिटत म्हणाली, "चल, मला चहा पाज."

*

जिन्याखालच्या चहाच्या टपरीशी थोरला उभा राहिला तेव्हा त्याला कळून चुकलं होतं. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. बारा दिवस मानेवर बसलेलं ओझं कुणीतरी नुसतं बघितलं, तरी हलकं होतं.

"किती वाजता गेलास?" आत्याने विचारलं.

"पहाटे सहाला."

"का?"

"पाचव्या मजल्यावर एक बाई आहेत. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. त्या दिवशी नऊची वेळ होती. जिना उतरायची ताकद नाही त्यांच्यात." तो ग्लासाकडे बघत बोलत होता. "आणि आबा म्हणायचे ना, लोकांची लिफ्ट बंद ठेवून आपण घरी जेवायचं नाही. पोलीस येऊन गेले होते. कुलूप नव्हतं, सील नव्हतं. मला वाटलं, त्यांचं काम झालं असेल. वर जाऊन पाहिलं तर लायनर पार झिजलेला. आत्या, तुला खोटं वाटेल, पण तो पुरावा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला झिजलेला लायनर दिसला, म्हणून बदलला."

आत्याला मुळीच खोटं वाटलं नाही. असा शहाणपणा याच घरात होऊ शकतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घर जळत असताना तिचा भाऊ दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीला तेल घालत बसला असता.

"आणि गप्प का राहिलास?"

"त्याला नेलं त्याच दिवशी बोलणार होतो. आई म्हणाली, एक गेलाय, दुसऱ्याला मी हाताने पाठवणार नाही. मग भेटीला गेलो. चौकशीत बारक्याला तो फोटो दाखवलाच असणार. रेघ बघून ओळखलं त्याने. जाळीआडून माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. बोलू नको म्हणून." थोरल्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. "मी आपला त्या मानेचा आधार घेतला. भेकड आहे मी, आत्या."

"आहेस थोडा," आत्या म्हणाली. "तुझा बापही होता. जुना लायनर टाकलास?"

"काढलेला पार्ट आपण टाकत नाही. कागदात गुंडाळून तारीख घालून ठेवतो. वर्कशॉपच्या फळीवर असेल."

"चौकीदाराच्या जबाबात एक ओळ आहे. 'सकाळी लिफ्टवाले येऊन गेले.' कोण लिफ्टवाले, हे कुणी विचारलेलंच नाही." आत्याने ग्लास खाली ठेवला. "ऐक. आज तू उभा राहून हे सांगितलंस, तर तुझ्यावर वेगळा गुन्हा लागू शकतो. कुठलाही वकील तुला सांगेल, तोंड उघडू नकोस. तो बरोबरच सांगेल."

"आणि आत्या काय सांगते?"

"आत्याने खरं बोलल्याचं बक्षीस काय मिळालं, ते तू सात वर्षं बघतो आहेस."

थोरला हसला. बारा दिवसांत पहिल्यांदाच. आपल्याला पाठीशी घालायला किंवा शिव्या द्यायला न येता कुणी नुसतं शेजारी उभं राहिलं, याचे उपकार त्याला त्या क्षणी शब्दांत सांगता आले नसते. त्याने चहाचे पैसे दिले आणि जिना चढू लागला.

*

वर येऊन त्याने सगळं सांगितलं, बाकासमोर उभं राहून, शाळेत उभं करतात तसं. वकीलबाईही तिथेच होत्या.

धाकटी आवाज चढवणारी नव्हती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची आणि तिथे आरडाओरडा चालत नाही.

"आमच्याकडे बाटलीवरची चिठ्ठी नुसती सुटली, तरी आम्ही तो नमुना टाकून देतो, दादा," ती म्हणाली. "कुणाचा हात लागला, हे कळलं नाही म्हणून. एवढी साधी गोष्ट आहे. मला ती चूक समजते, तुम्ही त्या बाईंसाठी गेलात. पण बारा दिवस? रोज सकाळी मी तुमच्याच गाडीत बसून इथे आले. रस्त्यात तुम्ही मला धीर देत होतात."



"त्याला बोलू नकोस," आई म्हणाली. "मी गप्प बसवलं त्याला. मी." आणि मग सगळा राग वळला तो नेहमीच्या दिशेला. "वन्सं, तुम्ही आलात आणि तासाभरात पुन्हा घर फोडलंत."

आत्या फाइलची नाडी बांधत राहिली. सात वर्षांपूर्वी तिने उत्तर दिलं होतं आणि त्या उत्तराची किंमतही मोजली होती.

अशा वेळी जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, ती थोरली सून उठली. आपल्या पिशवीतून तिने डबा काढला, पाण्याची बाटली काढली, आणि सगळ्यांच्या तळाशी असलेली एक जड पुडी काढून नवऱ्याच्या हातात दिली. वर्तमानपत्राचा कागद होता. वर लाल पेनने, त्याच्याच अक्षरात, तारीख.

"ही तर फळीवर होती," थोरला म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून रोज आणतेय. रोज वाटायचं, आज बोलाल. संध्याकाळी परत नेऊन ठेवायचे."

"मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"माझ्या सांगण्यावरून बोलला असतात, तर मग आयुष्यभर मलाच बोलला असतात."

थोरल्याने पुडी दोन्ही हातांत धरली. वीस वर्षांच्या संसारात आपण हिला किती वेळा गृहीत धरलं, याची त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त वाटलं ते असं, की ही बाई आपल्या वाट्याला आली हे आपलं नशीब. त्याने ते तिथे सर्वांदेखत बोलून दाखवलं नाही. या घरातले पुरुष असलं काही बोलायला मुहूर्त शोधतात.

आईने पुडी मागून घेतली. कागद सोडला. चाळीस वर्षं लिफ्टवाल्याबरोबर काढलेली ती, लायनर किती झिजला हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिने अंगठा फिरवला, कागद पुन्हा होता तसा गुंडाळला आणि पर्समधून चष्मा काढून वकीलबाईंना म्हणाली, "काय लिहून घ्यायचं ते घ्या. पण लवकर. नंबर लागेल."

"मी धाकट्यांची वकील आहे," वकीलबाई थोरल्याला म्हणाल्या. "तुमची नाही. सही करण्याआधी तुम्ही तुमच्या वकिलाशी बोला. त्यात तुमचं नुकसान आहे, हे मला दिसतंय."

आत्याने ते आधीच हेरलं होतं. तिच्या ओळखीचे एक म्हातारे वकील व्हरांड्याच्या टोकाला बसलेले असत. त्यांनी थोरल्याला पंधरा मिनिटं धोके समजावून सांगितले आणि शेवटी विचारलं, "तरी करायचं?" थोरला म्हणाला, "करायचं." तीन पानी प्रतिज्ञापत्र टाइप झालं, तेव्हा पाटीवर पंचवीस नंबर चालू होता.

*

आईला कोर्टातलं निम्मं बोलणं कधीच ऐकू यायचं नाही. ती लाकडी कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडेच बघत राहायची. दाढी वाढली होती. शर्ट तिनेच पाठवलेला होता आणि खांद्यांना ढिला पडत होता. पण न्यायाधीशबाई प्रतिज्ञापत्र वाचत होत्या, तोवर दालनात इतकी शांतता होती, की आज तिला सगळं ऐकू येत होतं.

सरकारी वकील उठले. "भावाने भावाला वाचवायला केलेला हा उपाय असू शकतो. बाराव्या दिवशी, नेमका सुट्टीच्या आदल्या दिवशी सुचलेला."

"असू शकतो," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "थोरले भाऊ कोण? पुढे या. तुम्हाला कल्पना आहे का, की हे लिहून दिल्यावर तुमच्यावर कारवाई होऊ शकते?"

"आहे."

"हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून करताय?"

"नाही. घरातले सगळे नकोच म्हणत होते."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "मग बारा दिवस का थांबलात?"

आईने डोळे मिटले. आता हा माझं नाव घेणार, असं तिला वाटलं. घ्यायलाच हवं होतं, खरंच होतं ते.

"भीती वाटली," थोरला म्हणाला. "दुसरं काही कारण नाही."

आईने डोळे उघडले. आपण याला बारा दिवस गप्प बसवलं आणि याने एवढ्या लोकांत आपल्यावर पांघरूण घातलं. पोटच्या मुलाचेही उपकार होतात, हे तिला पासष्टाव्या वर्षी कळलं.

वकीलबाईंनी चौकीदाराच्या जबाबातली ती ओळ वाचून दाखवली. न्यायाधीशबाईंनी तपास अधिकाऱ्यांना विचारलं, की लिफ्टवाले म्हणजे कोण. अधिकारी प्रामाणिक होते. "विचारलं नव्हतं," म्हणाले. "मग आता विचारा," असं म्हणून प्रकरण यादीच्या शेवटी ठेवलं गेलं. अर्ध्या तासाने अधिकारी परत आले आणि म्हणाले, की चौकीदार थोरल्याचं वर्णन सांगतोय, गाडीसुद्धा त्याचीच सांगतोय. लायनरची पुडी त्यांनी मोजून, पाकिटात घालून, सही घेऊन ताब्यात घेतली. पुरावा बारा दिवस हरवला होता, तो सगळ्यांसमोर सापडला.

"जखमींच्या वतीने कुणी आहे?"

शेवटच्या बाकावरून एक बाई उठली. घड्याळजींची मुलगी. या घरातल्या कुणाची तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"माझ्या वडिलांचा पाय कधी पूर्वीसारखा होणार नाही," ती म्हणाली. "चूक यांची असेल, तर शिक्षा व्हायलाच हवी. पण तुम्ही विचारताय म्हणून सांगते. आमच्याकडे कुणी दम द्यायला आलं नाही. फोनही नाही. तेवढंच."

तेवढंच पुष्कळ होतं. तिला बोलण्याची काही गरज नव्हती, गप्प राहिली असती तर कुणी दोष दिला नसता. आईला वाटलं, उठून तिचे हात धरावेत. पण ते बरं दिसलं नसतं, आणि उद्या कुणी त्याला दबाव म्हटलं असतं. म्हणून ती बसल्या जागीच बसून राहिली आणि मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याच्या पायासाठी जे काही मागता येईल ते मागत राहिली.

न्यायाधीशबाई आदेश सांगू लागल्या. लघुलेखकाची बोटं चालू लागली आणि मागच्या बाकावर आत्याचीही बोटं मांडीवर नकळत हलू लागली.

"अपघाताला जबाबदार कोण, हे आज ठरवायचं नाही. जामीन नाकारणं म्हणजे आगाऊ दिलेली शिक्षा नव्हे. आरोपीला आत ठेवण्याचं मुख्य कारण पुराव्याला हात लावल्याचं होतं. ते कारण आज त्याच्यापुरतं उरलेलं नाही. पासपोर्ट जमा झाला आहे. घर, आई, पत्नी इथे आहेत. तो पळून जाईल, असं मानायला आधार नाही." मग अटी आल्या: एक जामीनदार, दर सोमवारी ठाण्यात हजेरी, त्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही. शेवटी त्या थोरल्याकडे वळल्या. "तुम्ही उद्या अकरा वाजता ठाण्यात हजर व्हायचं. तिथे काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही. पण तुम्ही आलात, हे बरं केलंत."

*

जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला असं नव्हे, हे आत्याला माहीत होतं, इतरांना नव्हतं. कागद साडेपाचच्या आत तुरुंगाच्या दारी पोहोचायला हवा होता, आणि साडेतीन वाजून गेले होते. जामीनदार राहायची वेळ आली तर म्हणून आत्याने आपल्या घराचे कागद सकाळीच पिशवीत टाकून आणले होते. ती तळमजल्यावरच्या खिडकीशी उभी राहिली. आतला कारकून तिच्या हाताखालीच शिकलेला. त्याने उभं राहून विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः?" आणि मग कामाची शिस्त आठवून फॉर्म पुढे ओढला.

"आरोपीशी नातं?"

आत्या अडखळली. एकतीस वर्षांत तिने हा प्रश्न हजारो वेळा टाइप केला होता. सात वर्षांपूर्वी भरल्या घरात तिला सांगितलं गेलं होतं, की तुझं आमचं नातं संपलं. ती चष्मा पुसू लागली.

"सख्खी आत्या," मागून आईचा आवाज आला. "माझी नणंद. लिहा."

कारकुनाने लिहिलं. आत्याने सही केली. दोघी एकमेकींकडे न बघता बाजूला झाल्या. मग आई म्हणाली, "मघाशी घर फोडलंत म्हणाले ते..."

"माझ्या कानात हल्ली दडे बसतात, वहिनी."

"तुम्ही नसता आलात, तर माझा मुलगा सुटला नसता. हे मला बोलू द्या."

"बोला," आत्या म्हणाली आणि तिने वहिनीला सावकाश, पुरतं बोलू दिलं.

*

पाच वाजून वीस मिनिटांनी तुरुंगाचा छोटा दरवाजा उघडला आणि धाकटा वाकून बाहेर आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. धाकटीने पिशवी काढून घेतली आणि त्याची बाही धरली ती सोडलीच नाही. थोरला मात्र रस्त्यापलीकडे गाडीजवळ उभा होता, सोयऱ्याकडे आगंतुक गेल्यासारखा. धाकटाच तिकडे गेला, बाहीला बायको घेऊन.

"मी मान हलवली होती ना?"

"हलवलीस."

"मग?"

"बारक्या, मी केलेल्या कामासाठी तू बारा दिवस आत बसलास. एकदासुद्धा माझं नाव..."

"तू गेला नसतास, तर मी गेलो असतो सहाला," धाकटा म्हणाला. "मला नुसता उशीर झाला. आणि आज तू जे बोललास, ते मी कठड्यात उभा राहून ऐकलं. मला कुणी इतकं दिलेलं नाही, दादा." मग दोघांनाही लाज वाटली आणि दोघेही गाडीच्या चाकाकडे बघू लागले.

आत्या, आई आणि थोरली रस्ता ओलांडून आल्या. आत्याला हळवेपणा फार वेळ सोसत नसे.

"आता उद्याचं," ती म्हणाली. "अकरा वाजता ह्याला बहुतेक अटक दाखवतील. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा ह्याचा हक्क, तिथल्या तिथे सोडतील. पण जामीनदार लागेल. माझ्या घराचे कागद आज अडकले. वहिनींचं राहतं घर ह्याच्याच नावावर, ते चालणार नाही."

"माझ्याकडे काहीच नाही," थोरली हळूच म्हणाली. "नावावर म्हणून काही नाही."

"मग कुणीतरी नोकरीतलं बघायला हवं. एका रात्रीत कोण मिळणार?"

म्हातारे वकील जामीन राहणार नाहीत. शेजाऱ्यांना विचारावं, तर बारा दिवसांत निम्म्यांनी ओळख विसरली होती. आईने बोटांवर दोनतीन नातेवाईक मोजले आणि स्वतःच खोडले.

व्हरांड्यातल्या त्या बोलण्यानंतर धाकटी थोरल्याशी एक अक्षर बोलली नव्हती. गाडीतही ती पुढे बसली होती, खिडकीकडे तोंड करून. आता तिने नवऱ्याची बाही सोडली, सुटकेचा कागद नीट चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि आत्याला विचारलं, "पगाराची स्लिप चालते?"

"चालते. नोकरी कायम हवी."

"नऊ वर्षं झाली."

मग ती थोरल्याकडे वळली.

"अकराला ना, दादा? मी उद्या लॅबला रजा टाकते."